पांढरी पार्श्वभूमी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, गाळा नंबर चार.
पाटीवर छाया फोटो स्टुडिओ.
छाया ही आधीच्या मालकाची बायको;
पाटी बदलायचे अठराशे सांगितले, म्हणून राहिली.
आणि दिवसभर माझं काम काय, तर
माणसांच्या मागची छाया पुसणं.
हनुवटी किंचित खाली. हसू नका.
चष्मा काढा. दोन्ही कान दिसू देत.
फॉर्मला सावली चालत नाही,
भिंतीवर नाही, नाकाखाली नाही.
सात मिनिटांत आठ प्रती.

साडेनवाला शटर ओढतो
आणि दिवसभर पुसलेलं शोधायला निघतो,
तीन टाकीवरून खाली, खाडीच्या अंगाला.
हे शहर पट्टी लावून आखलेलं,
त्यामुळे अंधारही इथं चौकोनी पडतो,
दोन सोसायट्यांच्या मधे घडी घालून ठेवल्यासारखा.
इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीला कोपर टेकायचं,
श्वास धरायचा,
सेकंदाचा पंधरावा भाग उघडं राहायचं.
चालणारा पुसट होतो, थांबलेला उरतो.
तेवीस वर्षांत शिकलो ते एवढंच.

एटीएमच्या निळ्या उजेडात पावती वाचणारी बाई घेतली.
आकडा चौकटीत नाही,
म्हणून तर फोटो.
डिलिव्हरीचा पोरगा घेतला, मान वर,
अठरा मजल्यांत एकच खिडकी पेटलेली
(बाकीच्याही पेटल्या होत्या.
मी दोन पावलं डावीकडे सरकलो).

मग गावठाणातलं तळं. पायरीवर एक पाठमोरा,
पाण्यात टॉवर उलटे टांगलेले.
डाव्या कानाची पाळी फाटलेली;
कान मी विसरत नाही, धंदाच तो.
सुदाम मढवी. मार्चात पेन्शनचा फोटो काढून गेला होता.

"काय काडतंस?"
उजेड चांगला आहे, म्हटलं.
वळलासुद्धा नाही.
"यो कसला उजेर. वरशी परतो नुसता.
आमचा मिठागर व्हता इकरं.
चैत-वैशाखान उजेर खालशी यायचा.
बायकांची तोंडा हनवटीपासून उजलायची."

घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं.
पाठ, पाणी, टॉवर, सगळं जागच्या जागी.
खिन्नता छान उतरली होती.
माझी.

दिवाळीनंतर तो आला. लेक मस्कतला,
नातवाचं बारसं, व्हिसाला फोटो हवा.
स्टुलावर बसवला.
नव्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल होतं कोपऱ्यात,
ते दिलं त्याच्या मांडीवर. धरा आडवं.
आणि दिवा त्यावर वळवला.

उजेड खालून चढला.
हनुवटी, ओठ,
गालांच्या दोन खाचा, मग
भुवयांखालची ती जागा
जिथं आपल्याकडे कुणाच्याच काही पोचत नाही.
त्यानं डोळे मिटून घेतले.
पायाचे अंगठे चपलेत वर उचलले, जरासे,
भाजतंय म्हणून उचलावेत तसे.

मी म्हणायला हवं होतं, काका, डोळे उघडा.
तेवीस वर्षं तेच म्हणतोय.
बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी एजंटनं परत पाठवला:
डोळे बंद, चालणार नाही.
पुन्हा काढला, पैसे न घेता.
समोरून दिवा, सपाट भिंत,
दोन्ही कान, फाटक्या पाळीसकट.
त्या चेहऱ्यावर तो मस्कतला गेला.

मिटलेल्या डोळ्यांच्या आठ प्रती
काउंटरच्या काचेखाली आहेत.
पोरं फॉर्म भरताना त्यावर कोपर ठेवतात,
डिंकाची बाटली ठेवतात.
परवा एकीनं पेन थांबवून विचारलं,
काका, हे गेले का?

नाही गं, म्हटलं.
उन्हात आहेत.