स्टे

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
माझं काम इंग्रजी शब्द मराठीत घालायचं.
गिरणीत भात ओतावं, तांदूळ काढावेत, तसं.
कोंडा कुठं जातो ते विचारू नये.

साहेबांनी एक लांब वही दिली:
कुठला शब्द कुठं, एकदाचं नक्की करून टाक.
ऑर्डर म्हणजे आदेश. डायरेक्शन म्हणजे निर्देश.
इन्स्ट्रक्शन म्हणजे सूचना, नोटीस म्हणजेही सूचना,
पण इन्स्ट्रक्शन आम्हांला येते
आणि नोटीस तुम्हांला.
सर्क्युलर म्हणजे परिपत्रक. ते फिरतं.
सही करायची, पुढच्या टेबलाकडे सरकवायचं,
वाचलंच पाहिजे असं काही नाही.
मेमो म्हणजे ज्ञापन.
ज्ञापन कुणालाच कळत नाही, पण मेमो मिळाला
की शिपायाच्या बायकोलाही कळतं
आज घरी काय बोलू नये.

'मे' असलं की दाराला फट असते.
'शॅल' आलं की कडी.

पलीकडे कायतान बसतो. त्याचे वडील
ह्याच खोलीत, ह्याच खिडकीशी लिहीत:
आल्वारा, पोर्तारिया, मांदादु.
त्याच्या खणात अजून एक कागद आहे,
कडा वाळवीनं खाल्लेला, शाई तांबूस.
शब्द बदलले, म्हणतो,
शिक्का आपटल्याचा आवाज तेवढा तोच.

आणि सगुण माजिक, बेलिफ,
सायकलला खळीचा डबा, डब्यात ब्रश,
त्याची वही डोक्यात:
हातात घेतात ते समन्स,
दारावर डकवतो ती नोटीस,
मागून पोलिसाची जीप आली तर वॉरंट.
चौथा प्रकार त्याला ठाऊक नव्हता.

मुळगावला, खाणीच्या रस्त्याला लागून,
भानुमती च्यारीचं घर.
नवऱ्याची ऐरण अजून ओसरीत, तिच्यावर तांबडी धूळ.
मागच्या महिन्यात आम्हीच गेलो होतो,
तीस दिवसांत घर खाली करावे,
'फेलिंग विच', तसे न केल्यास...
मी वाचत होतो, ती ऐकत होती.
"तशें म्हणल्यार कशें?" तिनं विचारलं.
मला पुढची ओळ वाचावी लागली.

एकोणतिसाव्या दिवशी पणजीहून कागद आला.
एकच शब्द कामाचा: स्टे.
मी वही उघडली. स्थगिती, तहकुबी, मनाई.
स्थगिती लिहिलं, सही घेतली,
सगुणच्या मागे डबल सीट बसलो.

ती ओसरीतच होती. भांडी पोत्यात बांधलेली,
तुळशीचं रोप डालडाच्या डब्यात काढलेलं.
मी वाचलं: पाडकामास स्थगिती देण्यात येत आहे.
तिच्या चेहऱ्यावर काहीच हाललं नाही.
"स्टे आला, बाय," मी म्हटलं.
तरीही नाही.
मग सगुणनं ब्रश डब्यात टाकला, म्हणाला,
"राव म्हणलां."
"कोणाक?" ती म्हणाली. "तांकां काय म्हाका?"
"दोगांकूय."

थांब आणि राहा,
हिच्या बोलीत दोन्हींना एकच शब्द,
इंग्रजीतही एकच.
मधे मी उभा होतो, हातात स्थगिती घेऊन.

तिनं पोत्याची गाठ सोडली.
आधी एक तांब्या काढला, आम्हांला पाणी दिलं,
गुळाचा खडा दिला. सगुणनं दोन घेतले.

साहेबांच्या वहीत मी 'स्टे'पुढे 'राव' लिहिलं.
त्यांनी तांबड्या शाईनं काट मारली, वर 'स्थगिती'.
बरोबरच आहे त्यांचं. बोली कागदावर चढत नाही.

कागदाच्या तळाशी अजून एक ओळ होती,
'अंटिल फर्दर ऑर्डर्स',
पुढील आदेश होईपर्यंत.
भाषांतर चोख केलं होतं मी.
ओसरीत वाचून दाखवताना
तेवढी ओळ वाचायची राहिली.