शेवटचा अंक

केटरिंगला, स्टेशनच्या चढावर,
रेमंड टेबट यांचं बूटदुरुस्तीचं दुकान आहे.
त्यांची वेबसाइट मी केली :
तीनशे पौंड, आणि माझ्या बुटांना टाचा फुकट.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, फिरती चित्रं हवीत,
मागे गाणं हवं, समोरच्या न्हाव्याचं आहे तसं.
मी म्हटलं, तळ उखडलेला बूट पिशवीत घालून
पावसात उभ्या माणसाला एवढंच हवं असतं,
की आत्ता उघडं आहे का.
फार तर, किती घ्याल.
बाकी सगळे त्याच्या अंगठ्याच्या वाटेतले खडे.

जावयाने काढलेले फोटो, एकेक आठ एमबीचा.
दूध आटवावं तसे ते आटवले,
साय राहील इतपत.
पासवर्ड त्यांनी हातोडीच्या दांड्यावर लिहिला होता,
तो खरवडायला लावला, वही दिली.
सांगितलं, साइटच्या नावाचं भाडं मार्चमध्ये भरायचं,
थकलं तर पाटी दुसराच कोणी उचलून नेईल.

आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते ते,
स्वतःच्या पानावरून स्वतःला एकदा फोन लावा,
ते याच वेळी राहिलं.
मीठ चाखायचं राहावं तसं.

ऑक्टोबर गेला. नाताळ गेला.
"लोक आता फेकूनच देतात," टेबट म्हणाले,
आणि खिळे मापाप्रमाणे डब्यांत लावत बसले.
मी आकडे काढले :
नंबरावर बोट ठेवणारी माणसं, एकशे बेचाळीस.
गेली कुठे?
दुकानात त्यांच्यासमोर उभी राहून मीच बोट ठेवलं.
काउंटरवरचा फोन गप्प.
माझ्या कानात एक म्हातारा, खणखणीत आवाज :
"चेटल बोलतेय. बुटांचं असेल तर
शेवटी एक लाव गं, नऊ नव्हे."

आकडे मी अजून मराठीतच लिहिते.
त्या दिवशी बसमध्ये, गुडघ्यावर वही,
टेबटनी सांगितलेला १,
वळणावर शेपटी जरा हलली
आणि घरी पोचेपर्यंत त्याचा ९ झाला.

दुरुस्तीला मिनिटसुद्धा लागलं नाही.
माफीला शनिवार लागला.
डोरीन चेटल यांच्या घरी स्टुलावर फोन,
त्याला विणलेलं अंगरखं,
शेजारी पेन्सिल आणि तारखांची वही :
तपकिरी बूट, डावी टाच. नर्सबाई, घाईत.
लग्नाचे सँडल, पट्टा तुटला, रडत होती.
एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात वरची शिवण घातलेली बाई ही.
"डिंक टिकायचा नाही, रेमंडला शिवायला सांगा,"
असं सांगूनच ती पुढे धाडायची.
टेबटना हिवाळ्यात आलेले जेमतेम तीस फोन,
सगळे तिचे.
उरलेले कुठे गळले,
तिला ठाऊक नाही, मलाही नाही.

वहीतली शेवटची नोंद मंगळवारची होती.
मी नंबर नीट केला, तो मंगळवार.
"बरं केलंस," ती म्हणाली,
आणि उगाच रिसीव्हर उचलून
टोन आहे का ते ऐकलं.

आता पानावर, भावाच्या खाली, एक ओळ वाढली आहे :
शिवण की डिंक, ठरत नसेल तर
मिसेस चेटल यांना विचारा.
सोमवार, शुक्रवार, दोन ते चार.
(बुधवारी तिचं बिंगो असतं, ते तिने आधीच बजावलं.)
टेबट दर फोनामागे तिला काय देतात
ते दोघंही सांगत नाहीत.

पान चढवलं, आणि या वेळी
आधी मीठ चाखलं.
पहिल्याच घंटीला तिने उचलला.
"नऊच," ती म्हणाली. "बरोबर लावलास."