हळू बोलायची जागा

पास भाच्याने दिले, दोन. म्हणाला, मामी, शेवटचा दिवस आहे,
मामांना घेऊन जा खारघरला, हिरवळीवर चाला, एवढंच.
गोल्फमधलं आम्हाला काय कळतंय?
कोपरखैरण्याच्या आमच्या घरात हिरवळ म्हणजे
खिडकीतलं गवती चहाचं डबडं.

कानातलं यंत्र यांनी घरीच ठेवलं. मुद्दाम.
उघड्यावर त्यातून नुसता वारा ऐकू येतो म्हणाले.
तुर्भ्याच्या कंपनीत छत्तीस वर्षं काॅम्प्रेसरशेजारी,
गेज वाचायचं काम. डोळे घेऊन आले घरी,
कान तिथेच जमा केले, ओळखपत्राबरोबर.
तेव्हापासून मी ओरडते.
भाजी कुठली आणू, ओरडते. दार वाजलं, ओरडते.
प्रेमाचं बोलणंसुद्धा
शेजारच्या पिल्लेबाईंना ऐकू जाईल एवढ्याने करावं लागतं,
म्हणून मग केलंच नाही फारसं.

आणि इथे डोंगराच्या पायाशी
हजारो माणसं, आणि कुणी बोलत नाही!
दोरीपलीकडे एक मुलगी, ओवे गावची,
हातात पाटी: शांत.
पाटी वर गेली की माणसं खोकला गिळतात.
एक बाई रडणारं पोर घेऊन थेट तंबूमागे पळाली.
मी नेमकं तेव्हाच कडबोळं तोंडात टाकलेलं.
चावू कशी?
जिभेवर धरून ठेवलं, तीळ एकेक सुटे होईपर्यंत.

टोला बसला. टिटवी ओरडत उठली.
चेंडू मला दिवसभरात एकदाही दिसला नाही, खरं सांगते.
मला दिसल्या माना,
सगळ्या एकदम वर, मग सगळ्या हरवलेल्या,
आणि यांचं बोट.
"तो बघ. झाडाच्या डावीकडे. उतरला. दोन टप्पे. थांबला."
पुढचे दोघे वळले. मग त्यांच्या पुढचे.
दुर्बीणवाले एक गृहस्थ दुर्बीण खाली करून
यांच्या बोटामागे बघायला लागले.
काटा केसभर हलला तरी तुमच्या साहेबांना दिसतो,
कंपनीतले सांगायचे. मला वाटायचं,
निरोपाच्या दिवशी असंच बोलतात.

अठराव्या होलपाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.
हरयाणाचा तो उंच मुलगा, पाठीवर घामाचा नकाशा,
चार पावलांचं अंतर बसून बघतोय, उठून बघतोय.
एवढं गेलं की करंडक त्याचा.
पाटी वर.
लांब रस्त्यावर कुठल्याशा रिक्षाने गिअर बदलला, तोही ऐकू आला.
आणि हे म्हणाले,
म्हणजे त्यांच्या हिशेबाने कुजबुजले,
"उजवीकडे उतार आहे. चुकवणार हा."

हजारो चेहरे आमच्याकडे.
पाटीवाली धावत आली, "काका, जरा हलू."
मी पदराला गाठ मारत होते, सोडत होते.
मुलगा मागे सरला. वळून पाहिलं त्याने.
यांनी हात हलवला,
बसस्टॉपवर ओळखीचं कुणी दिसावं तसा.

मराठी त्याला कुठून कळणार.
पण त्याची पिशवी वाहणारा पोरगा इथलाच असावा.
तो वाकला, गवताकडे पाहिलं, त्याच्या कानाशी काही बोलला.
काय बोलला देव जाणे.
मुलाने पाय हलवले. किंचित.
मी डोळे मिटले.

मग असा गलका उठला
की टिटव्या, टाळ्या, डोंगर, काही वेगळं ऐकू येईना.
माझा आवाज मलाच येईना.
म्हटलं, असं असतं होय यांना. रोज.
आणि त्या गलक्यात, न ओरडता,
नेहमीच्या बाईच्या नेहमीच्या आवाजात
मी यांना काहीतरी सांगितलं.

हे माझ्या ओठांकडे बघत होते.
"काय म्हणालीस?"

मी डबा पुढे केला.
"कडबोळं घ्या, म्हटलं."
त्यांनी एक उचललं,
आणि गलका सरायच्या आत कडाडून चावलं.