अकरा मिलिमीटर

नमुना क्रमांक चारशे सतरा. पू. डावी टाच.
पुरुष, वय अठ्ठावन्न, राहणार हरिपूर.
नाव मी वाचत नाही.
आमच्याकडे माणसं टाचेएवढी, घशाएवढी,
नाहीतर लघवीच्या बाटलीएवढीच येतात.

मिरजेतला हा तिसरा मजला.
सदतीस अंशांच्या कपाटात रात्रभरात
बशीवर हिरवट साय धरते.
तिला द्राक्षांचा वास येतो,
तासगावच्या एखाद्या बागेतून आल्यासारखा.
पहिल्या वर्षी मला तो आवडायचा.

सकाळी झाकण उघडलं.
औषधाच्या सहा चकत्या, सहाही सायीत बुडालेल्या.
एकीभोवतीही मोकळं रिंगण नाही.
बंद पडलेल्या जकात नाक्यावर गुरं बसावीत
तसे जंतू निवांत बसलेले.
मी रकान्यात आर लिहिते. पुन्हा आर.
शेवटच्या, महागड्या इंजेक्शनपुढेही
आर.

दुपारनंतर भारमल मॅडमच्या खोलीत दुसरं काम.
यार्डातून आणलेली राजापुरी हळकुंडं
कुटायची, उकळायची, गाळायची,
गाळलेल्यात चांदीच्या क्षाराचे थेंब सोडायचे.
पिवळं पाणी हळूहळू
बिनदुधाच्या चहासारखं होतं.
मॅडम म्हणतात, झाले कण.
कुठे? दिसत तर काहीच नाही.
एका केसाच्या रुंदीत काही हजार
ओळीनं उभे राहतील, म्हणतात.

हळद पाण्यात विरघळत नाही
हे मला पुस्तकाच्या आधीपासून माहीत.
तात्यांच्या टाचांच्या भेगांतून ती निघालीच नाही,
दगडानं घासून, रॉकेलनं पुसूनही.
पंधरा वर्षं ते हरिपुरात पेवांत उतरायचे,
पोती वर द्यायचे.

मागच्या महिन्यात समिती आली होती.
एक साहेब चष्मा पुसत म्हणाले,
म्हणजे आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होतं की!
मॅडम हसल्या. अनुदान त्यांच्या हातात होतं.
मला माझा थोरला चुलता आठवला.
कोयता लागला तेव्हा हळदच दाबली होती,
मूठभर, अस्सल, घरची.
नवव्या दिवशी दातखीळ बसली.

म्हणून मी मोजते.
आगरात भोक पाडून त्यात तपकिरी थेंब,
शेजारी नुसती हळद, शेजारी नुसती चांदी, शेजारी नुसतं पाणी.
चारशे सतराचीच साय, आजची, ताजी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोकाभोवती
काचेसारखं स्वच्छ वर्तुळ.
अकरा मिलिमीटर.
पट्टी पुसून पुन्हा लावली. अकराच.
मी मॅडमना हाक मारली नाही लगेच.
स्टुलावर बसून राहिले.

पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर झाकण उघडं टाकून थांबायचं.
जळत राहिला, तरी जरा थांबायचं.
मग माणूस.
तात्या सांगायचे, घाई केलेल्यांची नावं
मला अजून तोंडपाठ हायेत.

ही बशी म्हणजे कंदीलच.
माणूस अजून वर, काठावर उभा आहे.
मधे उंदीर आहेत, यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत,
परवानग्या आहेत, चार-सहा वर्षं आहेत.

संध्याकाळी रिपोर्ट टाइप करताना
नाव वाचावं लागलं.
शिदाप्पा ऐनापुरे.
तात्यांच्या कंदिलाची दोरी हेच धरायचे.

रिपोर्टला सहा रकाने.
अकरा मिलिमीटरला सातवा नाही.
सही केली, पाकीट बंद केलं,
बशी फ्रीजमध्ये ठेवली, तारीख घालून.

रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं,
शिदूकाका कसे आहेत?
तात्या म्हणाले, टाच चिघळलीया म्हनं.
दवाखान्यात ठेवलाय. साखर बी लई हाय त्याला.
मग ताटातली भाकरी मोडता मोडता,
तुमच्यात हाय का गं काय औषध?
एवढं रोज मोजत असतीस.

मी आमटी वाढली.
त्यांनी वाट पाहिली जराशी,
मग म्हणाले, आज यार्डात हळद उतरली दोनशेनं.