मीठ

सूर गाव. रात्रीचे साडेअकरा.
बॅग भरून झाली, आभाराचा मेल तेवढा राहिलाय.
'आदरणीय महोदया' – खोडलं.
'सहा आठवड्यांत खूप शिकायला मिळालं' – खरंय,
पण हे कुणीही, कुठूनही लिहील.

काय शिकले?
समुद्र पाइपातून आत येतो तेव्हा
आधी शेवाळाचा वास, मग क्लोरीनचा.
दाब वाढला की खलफानकाका
आकड्याकडे बघायच्या आधी
पंपावर तळवा ठेवतात,
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवावा तसा.
माझ्या हातून झडप उलटी फिरली त्या दिवशी
एवढंच म्हणाले, "आता उजवीकडे. सावकाश."
आणि कागदी कपात कहवा ओतला.

मेल मॅडमना जाईल, प्रती सगळ्यांना.
काका मेल उघडत नाहीत.

खाल्ल्या मिठाला जागायचं असतं
हे इंग्रजीत कसं बसवू,
तेही दिवसरात्र मीठ काढून टाकणाऱ्या
कारखान्याला?

शेवटी मॅडमना चार ओळी धाडल्या. नीटनेटक्या.
गजर लावला पहाटे चारचा,
काकांची पाळी सुटते तेव्हाचा.
गेटपाशी उभी राहीन,
हातात आईच्या शेंगदाणा चटणीचा डबा,
अर्धा उरलेला.
मीठ जरा जास्तच आहे तिच्यात.