मोरचूद

प्रोपिओनिक आम्लाचा वास केसांत राहतो.
संध्याकाळी वडगावच्या बसमध्ये
माझ्या शेजारची जागा रिकामीच असते.
बरं असतं ते, पिशवी ठेवता येते.

अर्धा तास उकळलं की फ्लास्कात डांबर होतं,
नुसतं काळं, चिकट. नवी पोरं घाबरतात, बिघडलं म्हणून.
मग निवू द्यायचं, गाळायचं, मिथेनॉलनं धूत बसायचं
आणि गाळणकागदावर उरतात
जांभळे कण, चिमूटभर.
शंभरातले वीस. बाकीचे ऐंशी
बेसिनखालच्या कॅनमध्ये.

पॉरफिरीन.
चार नायट्रोजन आत तोंड करून बसलेले,
मधे एका धातूपुरती जागा.
लोखंड बसलं की रक्त,
मॅग्नेशियम बसलं की पान.
हे मी दरवर्षी फळ्यावर काढते
आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं,
मॅडम, रिकामंच राहिलं तर?

तर उजळतं.
अतिनील दिव्याखाली लाल,
फुंकर घातल्यावर निखारा दिसावा तसं.
तांबं आत शिरलं की विझतं.
एवढंच माझं काम, अकरा वर्षं,
दोन अनुदानं, एक परत आलेला पेपर:
विझणं म्हणजे सापडणं.

बसवण्णी बाटल्यांवर कन्नडात लिहितो,
मी वहीत मराठीत,
जर्नलसाठी इंग्रजीत पुन्हा एकदा.
एका बाटलीला तीन चिठ्ठ्या,
पाणी मात्र पन्नास मिली.

आप्पा रंगारी होते.
त्यांचा सगळा तपास जिभेवर.
विहिरीचं पाणी चुळीत घोळवायचे, थुंकायचे, सांगायचे,
'आज जड हाय. हिरवा धरायचा न्हाई.'
आणि हिरवा धरायचा नाही.
दगडी वाटीत मोरचूद कुटायचे, मूठभर एका घागरीला,
की सूत रंग सोडायचं नाव घेत नसे.
निळ्या खड्यांना हात लावला म्हणून
एकदाच मार खाल्लाय मी त्यांचा.
उरलेलं पाणी परड्यात ओतत,
विहिरीपासून चार पावलांवर.
चार पावलं म्हणजे लांब, असं तेव्हा
सगळ्यांनाच वाटायचं.

सोळा बाटल्या आणल्या होत्या.
येळ्ळूरच्या, हलग्याच्या, नाल्याकाठच्या,
एक कुणाच्या तरी म्हशीच्या डोणीतली.
सतरावी आमच्या परड्यातली,
कोरा नमुना म्हणून.
सोळाही जणींना हिच्याशी ताडायचं होतं.
ज्या पाण्यावर मी वाढले
ते तपासायचं कशाला?

पडदे ओढले. बसवण्णीनं दिवा धरला.
पहिली लाल. दुसरी लाल. म्हशीचीसुद्धा लाल.
सतरावीपाशी तो थांबला,
नळी झटकली, परत धरली
आणि हळूच म्हणाला, 'होतु नोड्री.'

त्याच्या भाषेत होतु म्हणजे गेलं.
तो उजेडाबद्दल बोलत होता.
मला मात्र अंधारात
मराठी ऐकू आलं.
होतं.

तीनदा केलं. नवी नळी, नवा द्रव,
चौथ्यांदा बसवण्णीच नको म्हणाला.
वहीत महिनाभराच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली.
'स्रोत' या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना
तेव्हा पेन्सिलीनं लिहिलं, घरगुती.

रात्री घरी आल्यावर परड्यात गेले.
घागर ओढली, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं,
घोळवलं, त्यांच्यासारखं,
डोळे मिटून.
काही कळलं नाही.
जड नाही, हलकं नाही,
आंबट नाही, लहानपणासारखंही नाही.
पदवीच्या तीन वर्षांत, पीएचडीच्या सहा वर्षांत
जिभेचं हे शिक्षण कुणी दिलंच नाही.

थुंकले तेव्हा मागं वहिनी उभी,
कमरेवर कळशी.
'काय बघालीस गं काळोखात?
सर की बाजूला.
नळाला आठ दिस झालं, पाणी न्हाई.'