कोपराची उंची

सुताराने विचारलं, टेबल केवढं उंच?
मी स्टुलावर बसले, हात दुमडला,
म्हटलं, हे बघा, कोपराच्या खाली दोन बोटं.
रमणीकभाई टेप हातात धरून बघतच राहिले.
"टेबल तो त्रीस इंचनुं होय, बेन."
असेल.
मकरपुऱ्याच्या टेस्टिंग खात्यात
एकतीस वर्षं बसले मी त्या तीस इंचांशी,
पाय लोंबकळत, खांदे कानांना टेकलेले,
लोकांच्या मीटरांवर शिक्के मारत:
पास, पास, फेल, पास.

फळी म्हणजे दांडिया बाजारातल्या
पाडलेल्या दवाखान्याचं सागवानी दार.
कडीचं भोक बुजवू दिलं नाही.
त्यातून आता कोॲक्स केबल खाली उतरते,
काळी, जाड,
आणि केबलसारखीच दिसते.

टेबलावर रबरी चटई. मागच्या पट्टीवर नऊ सॉकेट
आणि एक लाल बटण, जे शेजारच्या हेत्वीला
पहिल्याच दिवशी दाखवलं:
मावशी हाक मारूनही बोलली नाही
तर आधी हे बंद करायचं,
मग मावशीला हात लावायचा.
हेत्वीने मान डोलावली. मग म्हणाली,
आता करून बघू?

ओट्यामागे खड्डा खणला. तांब्याची सळई, मीठ, कोळसा.
खालचे रश्मिकांत वाकून म्हणाले, पाणी लागलं का?
म्हटलं, पाणी नको, जमीन हवीय.
ते बराच वेळ जमिनीकडे बघत उभे.

रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल भरून
पन्नास ओहमचा भार बुडवला:
सगळी ताकद गिळतो, बाहेर चकार शब्द नाही,
फक्त हळूहळू तापत जातो.
अशी माणसं पुष्कळ पाहिली.
डबा मात्र मीच बनवला.

ऑसिलोस्कोप मिळाला शुक्रवारी बाजारात.
युसुफने वजनावर दिला, अकरा किलो, काच फुकट.
घरी येऊन उलटा केला तर पाठीवर चिठ्ठी,
आमच्या खात्याची, पिवळी पडलेली.
नोव्हेंबर शहाण्णव. फेल.
खाली सही माझी.
झाकण काढलं. दोन कपॅसिटर फुगलेले.
चाळीस रुपये आणि एक दुपार.
हिरवी रेघ उमटली तेव्हा
मी खुर्चीतून उठून उगाच पाणी पिऊन आले.

मग रेडिओ लावला, तर नुसती खरखर.
फ्रिज बंद केला. पंखा. जिन्यातला दिवा.
रश्मिकांतांच्या घरी जाऊन चार्जर उपटून आले,
त्यांचा नातू रडला.
खरखर तशीच.
रात्री दीड वाजता कळलं,
ती माझ्याच टेबलावरून येत होती,
मी हौसेने घेतलेल्या नव्या, हलक्या, स्वस्त पॉवर सप्लायमधून.
दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा जुना ट्रान्सफॉर्मर काढला,
विटेएवढा जड.
तो गुणगुणतो, पण आपल्यापुरतं.

वासी उत्तरायणाला गच्चीवर गेले.
अँटेनाच्या तारेत तीन पतंग, दोन लाल, एक फाटका,
आणि मांजाचा गुंता.
आधी मोजलं: दीड.
कात्रीने सगळं सोडवलं, बोट कापलं, पुन्हा मोजलं: दीड.
पतंगांचा काहीच दोष नव्हता.
फाटका मी तिथेच ठेवलाय.

आता संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर
कुणी एक म्हातारा, कुठल्या गावचा कळत नाही,
आपलं नाव एकेक अक्षर फोडून सांगतो,
थांबतो,
पुन्हा सांगतो.
हेत्वी विचारते, उत्तर का नाही देत?
परीक्षा दिलीय, परवाना यायचाय.
मग तो वाट बघत बसणार?
हो.
ती हेडफोन घट्ट दाबून धरते.
नव्या स्टुलावरून तिचे पाय
लोंबकळताहेत.

रमणीकभाईंना फोन करायला हवा,
खाली एक आडवी फळी मारून द्या म्हणून.
टेप घेऊन या, म्हणेन.
या वेळी टाचेपासून मोजायचंय.